फ्रँकमधले आकडे वाचताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

नेस्लेवरचं तुझं टिपण वाचलं. 2023 मध्ये विक्री 94.4 अब्ज स्विस फ्रँकवरून 93 अब्जांवर आली, म्हणून मागणी घटली, असा निष्कर्ष तू काढलास. आधी तो दीड टक्का फोडून बघ. कंपनीच्या अहवालातच फोड आहे: मूळ व्यवसायाची वाढ 7.2 टक्के, धंद्यांच्या खरेदी-विक्रीमुळे उणे 0.9, चलनामुळे उणे 7.8. माल विकला जातो डॉलर, रियाल, रुपयांत. हिशेब लागतो फ्रँकमध्ये. फ्रँक वधारला की तीच विक्री कमी भरते.

पण म्हणून 7.2 वर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. त्यात भाववाढच 7.5 टक्के आहे आणि खप, म्हणजे विकलेलं प्रमाण आणि त्यातला महाग-स्वस्त मालाचा वाटा मिळून, उणे 0.3. मागणीबद्दलची तुझी शंका रास्तच होती, पुरावा तेवढा चुकीचा दिलास.

आता जरा नीट लक्ष दे. महागाई भडकलेल्या देशात कंपनी भाव वाढवते, आणि त्याच महागाईने तिथलं चलन घसरतं. ‘स्थिर चलना’तल्या, म्हणजे विनिमय दर बदललेच नाहीत असं धरून मोजलेल्या, वाढीत तो वाढीव भाव जमेला येतो, घसरण मात्र बाहेर राहते. हे मला पटत नाही. अतिमहागाईच्या देशांतली भाववाढ कुठपर्यंत धरली आहे, हे तळटिपांत शोधायची सवय लाव. 2013 ची विक्री 92.2 अब्ज फ्रँक होती. त्यानंतर मूळ वाढ दरवर्षी दिसली, काही धंदे विकलेही गेले, तरी दहा वर्षांनी आकडा 93 वरच. चलनाचा फटका एखाद्या वर्षी बसला तर सोडून दे; वर्षानुवर्षं बसत असेल तर तो धंद्याचाच खर्च धर, कारण भागधारकाला लाभांश फ्रँकमध्येच मिळतो.

नफ्याचं प्रमाण तपासताना मात्र खर्च कोणत्या चलनात होतो ते बघ. नेस्ले बरंचसं जिथे विकते तिथेच बनवते, म्हणून विक्री आणि खर्च बरोबरीनेच आक्रसतात. इन्फोसिसचं तसं नाही. बिलं मुख्यतः डॉलरमध्ये, हिंजवडीतले पगार रुपयांत. रुपया घसरला की नफ्याचं प्रमाण खरोखरच सुधारतं, पण त्याचं श्रेय व्यवस्थापनाला देऊ नकोस.

टिपण पुन्हा लिही. या वेळी दहा वर्षांचा तक्ता कर: मूळ वाढ, खप आणि चलनाचा परिणाम, तिन्ही शेजारी शेजारी. झालं की पाठव, मी वाट बघतो आहे.