नातवाचा एट-ओ-एट

प्रश्न : नातू बारावीत आहे. पाच वर्षं तबला शिकला, आता लॅपटॉपवर गाणी करतो. प्रत्येक गाण्यात तेच ‘धूम्म’! विचारलं तर म्हणतो, ‘आजी, हा एट-ओ-एट, चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र आहे.’ त्याच्या मोबाईलवर मला नुसती टकटक ऐकू येते, गाडीत मात्र काचा थरथरतात. काय प्रकार आहे हा? आणि तबल्याची फी पाण्यात गेली का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, नातू थापा मारत नाहीये. रोलंड या जपानी कंपनीनं 1980 मध्ये टीआर-808 हे ठेका वाजवणारं यंत्र काढलं. ज्याला ड्रमवाला परवडत नसेल त्यानं घरी ठेका भरून घ्यावा, एवढीच अपेक्षा. त्याच साली अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-1 हे तसंच यंत्र आलं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज भरलेले होते, पण किंमत हजारो डॉलर. 808 मध्ये सगळे आवाज सर्किटमधूनच निघायचे. टाळी म्हणजे रेडिओची खरखर तीन-चारदा चटचट तोडलेली. सर्किटमधले काही ट्रान्झिस्टर तर सदोष निघालेलेच मुद्दाम वेचून घातले होते, त्यांच्या फुसफुशीसाठी. तसे मिळेनासे झाले आणि 1983 मध्ये यंत्राचं उत्पादन बंद पडलं. विकली गेली जेमतेम बारा हजार.

मग ती जुन्या बाजारात स्वस्तात गेली आणि खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या हाती लागली. हिपहॉपवाल्यांनी तो ‘खोटा’ आवाज डोक्यावर घेतला. आपल्याकडे मुंबईत चरणजीत सिंग या फिल्मी वादकानं 1982 मध्येच 808 घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडीवर भरले होते. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले.

मी गणपतीत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. त्याआधी आमच्याकडे रिदम बॉक्स होता. बटण दाबलं की रुंबा, दुसरं दाबलं की वॉल्ट्झ. आमचे ढोलकवाले काका त्याला ‘डबा’ म्हणत. एकदा भर गाण्यात लाइट गेली, डबा मुका झाला. काकांनी मात्रा न सोडता ठेका उचलला आणि पुढं आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. योग्यच होतं ते.

आता टकटकीचं. 808 चा धूम्म साधारण 50 हर्ट्झचा, म्हणजे अगदी खर्जातला, मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपतच नाही. तुम्हाला ऐकू येते ती फक्त सुरुवातीची टकटक, मागची घुमारी गळून पडते. ही घुमारी लांबवायला यंत्रावर एक बटण होतं, सूर बदलायला मात्र नव्हतं. पुढं पोरांनी तो आवाज कॉम्प्युटरवर घेतला, वरखाली करून त्याचाच बेस वाजवू लागली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवतात तेव्हा मला तर डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घिस्साच आठवतो.

म्हणून फीची काळजी सोडा. ‘तुझा एट-ओ-एट कुठल्या सुरात लावलास रे?’ एवढं विचारा. ‘जसा आला तसा ठेवला’ म्हणाला, तर हातोडी घेऊन तबला लावायला बसवा. तो सूर सांगू लागला, तर त्याचा मोठा हेडफोन मागून घ्या आणि गाणं पहिल्यापासून लावायला सांगा.