बोट सगळ्यांना आठवते, ठराव कुणालाच नाही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. समितीच्या बैठकांना बसून कंटाळलास, ‘ही तर कारकुनी, यात राजकारण कुठं?’ म्हणतोस. तू मागे रॉबर्ट स्मॉल्सवर, त्या अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून राजकारणात आलेल्या काळ्या पुढाऱ्यावर, भाषण केलं होतंस, म्हणून त्याचंच सांगतो.

तुझं सगळं भाषण बोटीवर होतं. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी चालू, १३ मे १८६२ ची पहाट, दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्सटन बंदर. तेवीस वर्षांचा गुलाम कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवतो, किल्ल्यांसमोरून जाताना ठरलेल्या शिट्ट्या वाजवतो आणि दक्षिणेच्या सैन्याची ‘प्लँटर’ ही बोट बायकामुलांसकट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली करतो. झेंड्याच्या जागी पांढरी चादर. टाळ्या पडणारच.

पण १८६८ सालाबद्दल तू एक वाक्यही बोलला नाहीस. दक्षिण कॅरोलिनाची नवी राज्यघटना लिहायला जे प्रतिनिधी जमले, त्यांत स्मॉल्स होता. गुलामांना शिकवणं जिथं गुन्हा होता, त्या राज्यात त्यानं मोफत आणि सक्तीच्या शाळांचा ठराव मांडला. तो स्वतः वाचायला शिकला विशी उलटल्यावर! पुढे दोन वर्षं तो राज्याच्या कनिष्ठ सभागृहात होता, मग १८७४ पर्यंत राज्याच्याच सिनेटमध्ये. तो सिनेटमध्ये असतानाच, १८७३ मध्ये, जोतीरावांनी इकडे पुण्यात ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्यांनीही हंटर आयोगापुढे केली, ती १८८२ मध्ये.

डाग लपवत नाही. सिनेटमध्ये स्मॉल्स छपाई समितीचा अध्यक्ष होता. सत्ता पालटून काळ्यांच्या हक्कांच्या विरोधकांकडे गेल्यावर १८७७ मध्ये छपाईच्या कंत्राटात पाच हजार डॉलर लाच घेतल्याचा ठपका आला, तीन वर्षांची शिक्षा झाली, १८७९ मध्ये गव्हर्नरनं माफी दिली. मला तो खटला सूडाचाच वाटतो. तरी तू कंत्राटाच्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेव, आणि ठेकेदाराचा चहासुद्धा नको.

आता १८९५. पुन्हा घटना समिती, पण आता गोऱ्यांच्या वर्चस्वाचा कट्टर पुरस्कर्ता बेन टिलमन याच्या मुठीत. हेतू एकच, काळ्यांचा मताधिकार काढायचा. तसं उघड लिहिता येत नव्हतं. मग कलम आलं: मतदाराला घटनेचा परिच्छेद वाचता यावा, नाहीतर तीनशे डॉलरची करपात्र मालमत्ता असावी. वाचता आलं की नाही, हे ठरवणार नोंदणी अधिकारी. ज्यानं शाळा मागितल्या, त्याच्याच माणसांना वाचनाच्या अटीवर बाहेर काढलं. तिथं काळे प्रतिनिधी सहाच होते. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारं कलम आलं, तेव्हा स्मॉल्सनं दुरुस्ती सुचवली: काळ्या बाईशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्याला सरकारी पद मिळू नये. सभागृहाची काय पंचाईत झाली असेल! (मला तर बोटीपेक्षा हेच धाडस मोठं वाटतं.) दुरुस्ती पडली. तयार घटनेवर त्यानं सही केली नाही.

तेव्हा तुझ्या समितीपुढे नियमांचा जो मसुदा आहे, त्यात ‘आवश्यक ती कागदपत्रे’ असं कुठं कुठं लिहिलंय ते आधी शोध. कुठली, कोण तपासणार, कुणाकडे नसतील? पेन्सिलीनं समासात लिहून रविवारी घेऊन ये. तुझ्या काकू थालीपीठ करणार आहेत.

तुझा,
काका