अभिप्रायांना लगेच उत्तर देऊ नकोस

तुझ्या रेडिओ-नाटकाची संहिता वाचली. मंगळावरून थेट इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, उतरलेला पाहुणा मस्त जमलाय, त्याला हात लावू नकोस. अभिप्रायांनी खचल्यासारखा वाटतोस, म्हणून सध्या लागेल तेवढंच सांगतो.

आधी खुलासे देणं बंद कर. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे रेडिओ ऐकणाऱ्याला कोण सांगणार? "नेमकं कुठे अडलात?" एवढंच विचार आणि ती जागा लिहून घे.

तक्रार खरी मान, सुचवलेला उपाय मात्र तपासून घे. यानाचं वर्णन वाढव, असं तुला सांगितलंय. खरी अडचण वेगळीच आहे: चौथ्या पानावर तिघं एकदम बोलतात आणि कोण बोलतंय ते कानाला कळत नाही. एकाला "काका" अशी हाक मारायला लाव, दुसऱ्याच्या हाती खडखडणारा झारा दे. बस.

विज्ञानातली चूक कुणी दाखवली तर आनंदाने घे, विनोद बऱ्याचदा तिथेच सापडतो. मंगळाचा निरोप एका बाजूने पोचायलाच साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, आणि तुझा पाहुणा आईशी सरळ गप्पा मारतो! त्याने "आई, भुट्ट्याचा कीस खाऊ का?" विचारावं, नकार येईपर्यंत प्लेट चाटूनपुसून साफ.

नवखे हटकून करतात ती चूक म्हणजे सगळ्यांचं ऐकून एका रात्रीत सगळं बदलणं. जुनी प्रत जपून ठेव. अनेकांना एकाच जागी खटकलंय, ते आधी दुरुस्त कर. मग मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड कर आणि डोळे मिटून ऐक. ध्वनिपरिणामांचं नंतर बघू. पुढचा खर्डा नक्की पाठव.