हवा आत येत नाही, की आतली बाहेर जात नाही?

प्रश्न : माझे वडील सत्तरीचे आहेत. चाळीस वर्षं गावात लोहारकाम केलं, बिडीही होती. आता घरातून अंगणात आले तरी धाप लागते. दवाखान्यात सांगितलं, 'श्वास सोडायला शिका.' वडील चिडले. म्हणाले, "मला हवा आत येईना, अन् हे सोडाय शिक म्हणायलेत!" मलाही ते कोडंच वाटतं.
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : तुमच्या वडिलांनी जन्मभर जो भाता चालवला, त्यावरूनच सांगतो. शाळेतून येताना मी लोहाराच्या भट्टीपाशी हटकून थांबायचो, भाता ओढायला मिळावा म्हणून. भात्यात कुणी हवा भरत नाही. तो उघडला की आतली जागा वाढते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. छातीचंही तसंच. हवा घेतली म्हणून छाती फुगते, असं पेशंट मला रोज सांगतात. खरं तर छाती आधी मोठी होते, मग हवा येते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल. तो आवळला की चपटा होऊन एक-दोन सेंटिमीटर खाली उतरतो, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. फुप्फुसाला स्वतःहून फुगण्याचं बळ नाही. त्याच्यावर एक पातळ आवरण, छातीला आतून दुसरं, मध्ये जरासा ओलावा. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात पण सुटत नाहीत, तशी ही आवरणं. म्हणून छातीमागे फुप्फुसही ओढलं जातं. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा येते. त्यातली १५० श्वासनळ्यांतच राहते, बाकीची वायुकोशांपर्यंत, म्हणजे नळ्यांच्या टोकाला असलेल्या बारीक फुग्यांपर्यंत पोचते.

आता फरक बघा. भाता दाबावा लागतो, छाती दाबावी लागत नाही. ताणलेलं रबर सोडावं तसं फुप्फुस आपलं आपण आक्रसतं आणि हवा बाहेर पडते. निरोगी माणसाला श्वास सोडायला काहीच कष्ट नसतात.

तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण वर्णनावरून सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार असावा. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली नसेल तर करून घ्या. या आजारात धुरामुळे वायुकोशांच्या भिंती तुटतात आणि जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं फुप्फुस ढिलं पडतं. बारीक नळ्यांना बाजूने ताणून उघडं ठेवणारा आधारही त्याबरोबर जातो. श्वास सोडताना त्या मिटतात, हवा आत कोंडते. छाती कायम फुगलेली, श्वासपटल आधीच खाली चपटं झालेलं. ते आणखी कुठे उतरणार?

वडिलांना एवढंच विचारा, अर्धाच दाबलेला भाता पुन्हा उघडला तर किती वारा घेतो? डॉक्टरांचं म्हणणं त्यांना माझ्याआधी पटेल.

शिकायचं ते असं. बाजेवर बसायचं, खांदे सैल. तोंड मिटून नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ आवळून चार अंक मोजत हळू सोडायचा. ओठांपाशी हवा अडली की आत थोडा उलटा दाब राहतो, त्याने बारीक नळ्या मिटत नाहीत. जोर लावू देऊ नका. जोराने फुंकलं तर त्याच नळ्या आणखी दाबल्या जातात, आणि लोहाराला जोर लावायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. उठताना, पायरी चढताना श्वास सोडत चढायचं.

धाप लागली की ते गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकत असतील. वाकू द्या, आडवं पडायला लावू नका. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, शरीराने शोधलेलं आहे.

या व्यायामाने तुटलेले वायुकोश परत येत नाहीत. बिडी पूर्ण सुटली पाहिजे, त्यांचं अंथरूण चुलीपासून लांब हवं, पंपाचं औषध वेळेवर हवं. ओठ किंवा नखं निळसर दिसली, बोलताना एक वाक्यही पुरं होईना किंवा गुंगी आली, तर ओठ आवळत बसू नका. गाडी काढा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या.