पन्नास चित्रपटांचा संच आणि आत्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या हॉलमधली 2009 सालची एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आली. तुम्ही लिहिलंय की आईबाबांना 1940 ते 60 या काळातले अमेरिकन विनोदी चित्रपट दाखवायचेत, एका नामांकित यादीतून 'द फिलाडेल्फिया स्टोरी' निवडून लावलात आणि पाऊण तासात बाबा घोरायला लागले. आता पन्नास जुन्या विनोदी चित्रपटांचा एक स्वस्त डीव्हीडी संच दिसलाय, तो घ्यावा का? घेऊ नका. खालचं काही वाचलं नाहीत तरी एवढं ऐका.

प्लेअर कुठला, कुठल्या ॲपवर काय मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो. मी समीक्षक वगैरे नाही. बँकेतून निवृत्त झालोय आणि असे पिक्चर घरच्यांना दाखवताना बऱ्याचदा तोंडावर आपटलोय, एवढाच माझा अधिकार.

तर ती संध्याकाळ. बाबांची पंचाहत्तरी होती. साठच्या दशकात ते मुंबईत नोकरीला होते आणि मेट्रो, इरॉसला इंग्रजी पिक्चर बघायचे. त्या काळच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. म्हटलं, घरीच खेळ लावू. असाच पन्नासांचा संच मागवला, कारण एका चांगल्या डीव्हीडीच्या किमतीत पन्नास पिक्चर मिळत होते आणि यादीत 'हिज गर्ल फ्रायडे' (1940) होता. मी तो कॉलेजात पाहिलेला आणि डोक्यावर घेतलेला. अकरा माणसं बोलावली, बटाटेवडे, शिरा, सगळं. डिस्क आधी लावून बघावी एवढी अक्कल मात्र सुचली नाही.

ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना असेल. वर्तमानपत्रवाल्यांची गोष्ट, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, आणि माणसं एकमेकांची वाक्यं तोडत, एकावर एक चढत, सुसाट बोलतात. तीच त्याची मजा. आता त्यात धुरकट प्रिंट घाला, वरून कापलेली डोकी घाला, आवाजात शेगडीवर पाणी सांडल्यासारखी चरचर घाला, आणि सबटायटल्स काढून घ्या. वीस मिनिटांनी आत्याने मला हळूच विचारलं, "हे सगळे भांडतायत का रे?" अर्ध्या तासात निम्मी मंडळी वड्यांकडे वळली. बाबा म्हणाले, "असू दे, पुन्हा कधीतरी." ते 'असू दे' मला अजून टोचतं.

खोक्यावर 'सबटायटल्स उपलब्ध' असं ठळक छापलेलं होतं. पन्नासपैकी तीन पिक्चरना ती होती, हे नंतर कळलं. विकणाऱ्यांच्या ग्राहक विभागाला चार ईमेल पाठवल्या. फोनवर उत्तर मिळालं, "डिस्क चालतेय ना सर? मग तक्रार बसत नाही." पदरच्या पैशांनी कुरिअर करून संच परत पाठवला. तीन आठवड्यांनी तोच संच घरी आला, आत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही'. मी बँकेत सदतीस वर्षं लोकांच्या तक्रारी घेतल्या, पण असा निर्ढावलेपणा आमच्या शाखेतही नव्हता. असो. यावर मी तासभर बोलू शकतो, बायको बोलू देत नाही.

हे संच इतके स्वस्त का, ते मात्र समजून घ्या. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) आधी 28 वर्षांसाठी मिळे आणि मुदत संपताना नूतनीकरण करावं लागे. 'हिज गर्ल फ्रायडे'चं ते राहून गेलं. 'शराड'वर (1963) तर हक्काची सूचनाच धड छापलेली नव्हती. असे पिक्चर तिकडे सार्वजनिक मालकीचे झाले, मग ज्याच्या हाती जी झिजलेली प्रत लागली ती त्याने छापली. (कायद्याबद्दल याहून जास्त विचारू नका, मी वकील नाही.) म्हणजे पिक्चर वाईट असतो असं नाही, प्रत बेवारशी असते. 'हिज गर्ल फ्रायडे' पुढे स्वच्छ प्रतीत, सबटायटल्ससह पाहिला तर तोच आत्याला आवडला. वाक्यं वाचता आली की भांडण कसलं ते कळतं.

दुसरी गोष्ट बाबांनीच सांगितली, तो खेळ फसल्यानंतर काही दिवसांनी. म्हणाले, "आम्हाला तेव्हाही निम्मं कळायचं नाही रे. थिएटर हसायचं म्हणून आम्ही हसायचो." ते ऐकून मला बरंच काही उलगडलं. हे पिक्चर भरलेल्या थिएटरच्या हिशोबाने बांधलेले असतात. 'सम लाइक इट हॉट'मध्ये (1959) जॅक लेमन बाईच्या वेषात पलंगावर लोळत आपलं लग्न ठरल्याचं सांगतो, तेव्हा त्याच्या हातात खुळखुळे आहेत. प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवत बसतो. दिग्दर्शक बिली वाइल्डरने ते मुद्दाम दिले होते, हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य थांबावं म्हणून. दोनच माणसं सोफ्यावर बसून बघत असतील तर या जागा रिकाम्या वाटतात. म्हणून माझं ठाम मत आहे की हे पिक्चर निदान पाचसहा जणांनी मिळून बघावेत. माझ्या मुलीला हे अजिबात पटत नाही, ती हेडफोन लावून एकटी बघते आणि खिदळते. तेव्हा हे मत जरा सैल हाताने घ्या.

निवडीचं म्हणाल तर पिक्चर किती थोर हे विचारूच नका. हशा शब्दात आहे की प्रसंगात, हे बघा. सुरुवात प्रसंगवाल्यांनी करा. 'सम लाइक इट हॉट' आपल्या लोकांना समजावून सांगावाच लागत नाही. गुंडांपासून पळालेले दोन वादक बायकांच्या वाद्यवृंदात बायका होऊन घुसतात. 'अशी ही बनवाबनवी' पाठ असलेल्या घरात आणखी काय सांगायचं? अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या 2000 सालच्या विनोदी यादीत तो पहिला आहे, आणि एवढ्यापुरतं माझं त्या यादीशी जमतं.

मग 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (1944). नायकाच्या दोन प्रेमळ आत्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना घरगुती वाइनमधून विष पाजून 'सोडवतात' आणि तळघरात पुरतात. केरी ग्रँट त्यात फार ओरडतो असं मला वाटतं, पण आमच्या आत्याने तो तीनदा पाहिला. ती आता 84 वर्षांची आहे आणि सरबताचा ग्लास पुढे करताना डोळे मिचकावते.

तुमच्या घरात कोणी नाटकवेडं असेल तर 'टू बी ऑर नॉट टू बी' (1942) चुकवू नका. नाझींनी बळकावलेल्या वॉर्सातली नाटक मंडळी. हॅम्लेटचं स्वगत सुरू झालं की एक प्रेक्षक उठून जातो, आणि ते दुःख त्या नटाला युद्धापेक्षा मोठं. असे नट आपण सगळ्यांनी पाहिलेत. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांचाच 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (1940) शांत आहे. बुडापेस्टमधल्या दुकानातले, एकमेकांशी न पटणारे दोन नोकर नकळत एकमेकांनाच पत्रं लिहितात. कोणाला ठसका लागेल असं हसू येत नाही, पण आई झोपणार नाहीत याची जवळजवळ हमी.

'द अपार्टमेंट' (1960) माझा सर्वांत लाडका, तरी पहिल्या दिवशी नको. त्यात विवाहबाह्य संबंध आहेत आणि आत्महत्येचा प्रयत्न आहे. विनोदी म्हणून लावला आणि खोली गप्प झाली, असा अनुभव मी घेतलाय. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (1961) हल्ली मी लावतच नाही. त्यातला जपानी शेजारी गोऱ्या नटाने नकली दात लावून केलाय, ते बघवत नाही.

जाता जाता एक. 1953 च्या आधीचे बहुतेक पिक्चर जवळपास चौकोनी असतात, बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका, कॅथरीन हेपबर्नसारखी काटकुळी बाईसुद्धा पोळपाटासारखी दिसते. आणि टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करा, नाहीतर जुना पिक्चर मालिकेसारखा दिसतो.

त्या संचाच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर इथे टाका. सबटायटल्सची ओळ किती बारीक टायपात आहे ते बघून सांगतो.