जुन्या वर्तमानपत्रांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून चामोरो घराण्याचा शोध घेता येतो का?

तुमच्या जावयाचे पणजोबा 1920 च्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर जन्मले, आडनाव क्रूझ, आणि एवढ्या माहितीवर घराणं सापडेल का, असा तुमचा प्रश्न आहे. सापडू शकतं. माझं सासर चामोरो, म्हणजे ग्वाम आणि आसपासच्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी आहे, सॅन दिएगोत स्थायिक झालेलं, आणि त्यांची वंशावळ मी बरीचशी अशा छापील नोंदींवरूनच जुळवत आणली आहे.

सुरुवात ‘ग्वाम रेकॉर्डर’पासून करा. अमेरिकी नौदलाच्या राजवटीत 1924 ते 1941 हे मासिक निघायचं आणि त्यात जन्म, विवाह, मृत्यूंच्या याद्या छापल्या जायच्या. 1944 च्या लढाईत राजधानी हागात्न्या जवळजवळ भुईसपाट झाली आणि चर्चची व सरकारी दप्तरं मोठ्या प्रमाणावर गेली. म्हणून या याद्यांना इतकं मोल आहे.

खरा गुंता नावांचा आहे. क्रूझ, सांतोस, पेरेझ अशी आडनावं बेटावर ढिगाने सापडतात. त्यामुळे नजर ठेवायची ती आईच्या माहेरच्या आडनावावर. स्पॅनिश अमदानीतल्या पद्धतीत मुलगा ‘होसे क्रूझ ई सांतोस’ असायचा, म्हणजे वडील क्रूझ, आई सांतोस. अमेरिकी अमदानीत तोच ‘होसे एस. क्रूझ’ झाला. सख्ख्या भावंडांचं मधलं अक्षर सहसा एकच असतं. 1930 च्या जनगणनेत एकाच घरात काही मुलं ‘एस.’ आणि काही ‘पी.’ दिसली, तर वडिलांचं दुसरं लग्न झालं असावं असं समजून विवाहांच्या यादीत शोधा. अनेक मुलं आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे वाढायची, त्याला पोक्साई म्हणतात. म्हणून जनगणनेतलं घर आणि जन्मदात्यांचं घर वेगळं निघालं तर गोंधळून जाऊ नका.

युद्धानंतरच्या दैनिकांतल्या निधनवार्ता तर माझ्या मते सर्वांत समृद्ध. त्यात आईवडील, आधी वारलेली भावंडं, सगळ्यांचे जोडीदार, रोझरीच्या (जपमाळेच्या) प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये हे सगळं सहसा येतं. शिवाय बऱ्याचदा ‘फामिलियान’ म्हणजे कुळाचं प्रचलित नावही छापलेलं असतं. एकाच आडनावाची डझनभर घराणी ओळखायला चामोरो माणसं हेच नाव वापरतात. एका निधनवार्तेतल्या या एका ओळीने आमच्या दोन पेरेझ घराण्यांचा घोळ मिटला. तेवढ्यासाठी घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या आत्या-मामांच्या निधनवार्ता काढा, फक्त थेट पूर्वजांच्या नको.

छापील नोंदीवर एकटीवर विसंबू नका. अक्षरजुळणीत नावं बिघडतात. 1920, 1930 आणि 1940 च्या जनगणनेशी नोंद ताडून पाहा, आणि त्याआधीच्या पिढीसाठी 1897 ची स्पॅनिश जनगणना आहे. ग्वाम विद्यापीठाच्या मायक्रोनेशियन एरिया रिसर्च सेंटरमध्ये या साहित्याचा मोठा संग्रह आहे. ‘चामोरो रूट्स’ हा वंशावळ प्रकल्पही बघाच.

फक्त आधी एक खात्री करून घ्या: पणजोबांचं घर ग्वामचंच ना? शेजारच्या सायपान किंवा रोटा बेटाची माणसं असतील तर वाट वेगळी, कारण ती बेटं 1899 पासून जर्मनीकडे आणि 1914 पासून जपानकडे होती. ग्वामचं असेल तर जावयाच्या आजीला पणजीचं माहेरचं आडनाव आणि फामिलियान विचारा, मग याद्या उघडा.