ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावी एका दिवसात काय बघून होतं? पर्यटकांना ओपल, म्हणजे रंग फेकणारा तो रत्नाचा खडा, खरंच सापडतो का?

एक दिवस पुरतो, पण तो अख्खा तिथला हवा. जाण्यायेण्याचे दोन वेगळे धरा. अ‍ॅडलेडहून स्टुअर्ट हायवेनं साधारण ८५० किलोमीटर पडतं. ग्लेंडॅम्बोला टाकी फुल्ल करून घ्या, पुढे अडीचशे किलोमीटर पंप नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, कांगारू आडवे येतात.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. मी, नवरा आणि साताऱ्याहून आलेली माझी आई. गाव जवळ आलं तसे दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी मातीचे ढीग दिसायला लागले, नजर पोचेल तिथपर्यंत. आई म्हणाली, "अगं, घुशींनी उकरलंय की काय सगळं?" गंमत म्हणजे गावाचं नाव मूळ रहिवाशांच्या 'कुपा पिटी'वरून आलंय आणि त्याचा अर्थ 'गोऱ्या माणसाचं बीळ' असाच सांगतात! १९१५ मध्ये सोनं शोधायला आलेल्या एका टोळीला सोनं काही मिळालं नाही, पण त्यांच्यातल्या विली हचिसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला ओपल सापडला. तेव्हापासून हे उकरणं चालू आहे.

ढिगांच्या आसपास सरळ खाली गेलेले खड्डे असतात. रुंदी जेमतेम मीटरभर, खोली मात्र वीस-वीस मीटरसुद्धा. कठडा वगैरे काही नाही. फोटो काढताना मागे सरकू नका अशा पाट्याच लावल्यात, त्या गमतीत घेऊ नका. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडायचा नाही.

आता ओपलचं. खाणवाले मोठ्या पाइपानं माती वर ओढून ट्रकवरच्या पिंपातून ढिगावर टाकतात. त्यांच्या नजरेतून जे सुटतं ते ढिगात राहतं आणि ते हातानं शोधायचं, याला तिथं 'नूडलिंग' म्हणतात. कुणाच्या क्लेमवर, म्हणजे खाणीसाठी नावावर घेतलेल्या जागेवर, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, पण गावात 'ज्वेलर्स शॉप' म्हणतात तिथं सगळ्यांना मोकळी जागा आहे. पैसे लागत नाहीत. आम्ही दोघं अर्ध्या तासात कंटाळलो. माश्या नाकातोंडात जातात, तोंडावर घ्यायची जाळी आधीच विकत घ्या. आई मात्र उकिडवी बसली ती उठेचना. जन्मभर तांदळातले खडे निवडलेत तिनं. एकेक खडा उचलायची, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब टाकायची, उन्हात तिरपा करून बघायची, टाकून द्यायची. दोन तासांत तिला पाच तुकडे मिळाले. चार नुसते दुधी-करडे, ज्याला 'पॉच' म्हणतात, किंमत शून्य. पाचव्याच्या कडेला मात्र तांदळाच्या कणीएवढी हिरवी रेघ होती, हलवली की निळी व्हायची. म्हणजे सापडतो, पण पेट्रोलचे पैसे निघतील या हिशेबानं जाऊ नका.

दुपार जमिनीखाली काढा. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, डगआउट म्हणजे जमिनीखाली कोरलेल्या घरांत मात्र बाराही महिने २३-२४ अंश. आम्ही राहिलो ती खोली अशीच कोरलेली होती. भिंतीवर यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे, वरून धूळ झडू नये म्हणून वार्निशसारखा थर. खिडकी नाही. दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. आईला रात्रभर झोप नाही, नवरा सकाळी नऊपर्यंत घोरत होता. सर्बियन चर्चही जमिनीखालीच आहे, ते चुकवू नका. ब्रेकअवेजच्या टेकड्या ३० किलोमीटरवर, तिथं सूर्यास्ताला जा. गवत नसलेलं गोल्फ मैदान पाच मिनिटांत बघून होतं.

खरेदी करणार असाल तर 'सॉलिड', म्हणजे अख्खा एकसंध ओपल, आहे का ते आधी विचारा. 'डबलेट' म्हणजे ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या पाठीवर चिकटवलेला, 'ट्रिप्लेट'मध्ये त्यावर पारदर्शक टोपीही असते. बाजूनं बघितलं की जोडाची सरळ रेघ दिसते, पण अंगठीत बसवल्यावर ती झाकली जाते. शुक्रासाठी ओपलची अंगठी घालणारे आपल्याकडे बरेच आहेत आणि ती घालूनच भांडी घासली जातात. ट्रिप्लेट असेल तर रोज पाण्यात राहून जोडात पाणी शिरतं आणि खडा धुरकटतो. माझ्या नणंदेची तशीच गेली.

आईनं तिचा पाचवा खडा कुंकवाच्या करंड्यात घालून साताऱ्याला नेला.